पाणी वाचले, पण साठले कोठे?

१० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी भोपाळ येथे तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या, तेव्हा खानदेशात समाधान व्यक्त झाले ते स्वाभाविकच होते. सुमारे ३१ अब्ज घनफूट पाणी उपयोगात आणण्याची आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळी पाणी भूगर्भात मुरवण्याची ही योजना असून, तिच्यापासून महाराष्ट्रातील सुमारे २ लाख ३४ हजार हेक्टर क्षेत्राला लाभ अपेक्षित आहे. रावेर-यावलच्या ज्या पट्ट्यात विहिरींची पातळी वर्षानुवर्षे खाली जात राहिली, त्या पट्ट्याला याची निकड आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. योजनेचे आम्ही स्वागतच करतो. परंतु स्वागताबरोबर एक प्रश्न विचारणेही अगत्याचे आहे. ज्या जिल्ह्याने पाणी वाचवण्याचे तंत्र देशाला शिकवले, त्याच जिल्ह्याच्या भूगर्भाला कृत्रिम रीतीने पाणी पाजण्याची पाळी का यावी?

ठिबक सिंचनाची पद्धत इस्राएलात सिम्चा ब्लास यांच्या प्रयत्नांतून आकारास आली आणि १९६५ पासून तिचा व्यापारी प्रसार सुरू झाला. भारतात ती शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याच्या कार्यात वाकोदचे भवरलाल जैन आणि त्यांनी जळगावात उभारलेला उद्योग यांचा वाटा किती मोठा आहे, हे वाचकांस सांगावयास नको. ठिबकच्या जोडीला ऊतिसंवर्धित रोपे आली, केळीचा हंगाम आटोपशीर झाला, उत्पन्न वाढले, आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले. हे यश खरे आहे. शास्त्र प्रयोगशाळेतून निघून सामान्य शेतकऱ्याच्या मळ्यात पोहोचल्याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

मग भूजल का वाढले नाही? याचे उत्तर यंत्रात नाही, हिशेबात आहे. पाटाने पाणी दिले असता त्यातील काही भाग पिकाच्या मुळांखाली उतरून पुन्हा विहिरीकडे येतो. ठिबकने तो झिरपा थांबतो. म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने जी बचत, तिच्यातील काही अंश भूगर्भाच्या दृष्टीने मुळात नुकसान नव्हताच. आणि जी खरी बचत होते ती विहिरीत शिल्लक राहत नाही. तिच्यावर आणखी चार एकर बाग उभी राहते. यात शेतकऱ्याचा दोष नाही. हाती आलेले पाणी सोडून देणे हा कोणत्याही कुणब्याचा धर्म असू शकत नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६५ साली हेच कोळशाविषयी दाखवून दिले होते: वाफेचे यंत्र जितके काटकसरी झाले तितका कोळशाचा एकूण खप वाढत गेला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालाचा निष्कर्षही हाच, की उपशावर मर्यादा नसेल तर सुधारलेल्या सिंचनाने पाण्याचा एकूण वापर बहुधा वाढतोच.

येथेच शासनाच्या धोरणातील विसंगती उघडी पडते. एका हाताने ठिबकला अनुदान द्यावयाचे, आणि दुसऱ्या हाताने उपसा फुकट करावयाचा. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षे मोफत वीज जाहीर झाली. सौर पंपांचाही झपाट्याने प्रसार होत आहे. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री विजेची वाट पाहावी लागू नये हे योग्यच आहे. परंतु सूर्य बिल पाठवीत नाही, म्हणून पंप थांबवण्याचे कारणही उरत नाही. १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाचे संरक्षण करणारा कायदा झाला, २००९ साली भूजलाच्या व्यवस्थापनाचा व्यापक कायदा झाला आणि २०१४ पासून तो अमलात आला. साठ मीटरांहून खोल विहिरींना आळा घालण्याची तरतूद त्यात आहे. पण विंधनयंत्राची गाडी गावात शिरते तेव्हा तो कायदा कोणाच्या स्मरणात असतो?

खानदेशाला या प्रश्नाचे उत्तर परके नाही. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धती शतकानुशतके नांदली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड, आणि एका फडात एकच पीक. कोणत्या वर्षी कोणत्या फडात ऊस आणि कोणत्या फडात हलके पीक, हे गाव ठरवी. पाटकरी पाणी वाटी, हवालदार देखरेख करी, जागल्या राखण करी. प्रत्येकाची थोडी-थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळे दुष्काळात एखादा फड कोरडा ठेवला तरी झळ सर्वांना सारखी बसे. त्या बंधाऱ्यांचे स्थापत्य साधे होते. त्यांच्यामागील नियम मात्र पक्के होते. पुढे नदीचाच प्रवाह आटत गेला आणि अनेक फड नामशेष झाले. तंत्रापूर्वी वाटप ठरले पाहिजे, हा त्यांचा धडा मात्र आजही शिळा झालेला नाही.

शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून साखळी बंधारे बांधले गेले, आणि वरचा चिवट पिवळा थर भेदून पाणी खाली उतरवले गेले. तो प्रयोग तेथील गाळाच्या भूस्तराला अनुरूप होता. काळ्या कातळाच्या प्रदेशात त्याचे आंधळे अनुकरण करणे शास्त्राला धरून नाही. शिवाय मुरवलेले पाणी कोणी किती उपसावे, हा प्रश्न तेथेही उरतोच. हिवरे बाजारने तो सोडवला तो यंत्राने नव्हे. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही हे गावाने ठरवले, आणि पाऊस मोजून पिके ठरवली.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. ते आकडे दप्तरात न ठेवता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. ठिबकचे अनुदान गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाशी जोडावे. महापुनर्भरणाचे पाणी जेथे पोहोचेल तेथे ते पोहोचण्यापूर्वीच उपशाची मर्यादा ग्रामसभेने ठरवावी. आणि हा उपदेश केवळ शेतकऱ्याला करून जळगाव-धुळ्याच्या शहरवासीयांना मोकळे होता येणार नाही. वाघूर आणि अक्कलपाड्याचे पाणी नळाला येते ते कोणाच्या तरी शेताच्या वाट्यातूनच येते. तेव्हा मीटरला विरोध करावयाचा आणि सोसायटीच्या आवारात आणखी एक कूपनलिका खणावयाची, ही सुशिक्षितांना शोभणारी नीती नव्हे.

यंत्र विकत घेता येते, योजना मंजूर करून आणता येते. शिस्त मात्र आपली आपणच घडवावी लागते. ती घडली नाही, तर तापीचे पाणी भूगर्भात ओतूनही दहा वर्षांनी याच विहिरींच्या कठड्यावर आपण पुन्हा वाकून पाहत उभे राहू.