परसातलं पाणी

मुर्धा गावात आमच्या परसात पूर्वी माती होती. पाऊस पडायचा, जिरायचा, उरलेला उतारानं खाडीकडे जायचा. पोरं म्हणाली, चिखल होतो, पेव्हर ब्लॉक बसवू. तीनशे चौरस फूट, चोवीस हजारांत ठरलं. पंधरा हजार आगाऊ दिले. कागद नाही, पावती नाही.

खाली खडी घालून दाबायची, वर एक-दीड इंच रेती अंथरायची, कडेला काँक्रीटची कड धरायची. यातलं काही नाही. ठेकेदारानं भुसभुशीत मातीवरच रेती लोटली नि ब्लॉक मांडले. मी विचारलं, "उतार कुठाय?" म्हणतो, "काका, तुम्ही शेती बघा." अरे, चाळीस वर्षं भातखाचरांत पाणी खेळवलंय मी! दहा फुटांना दोन-अडीच इंच उतार, तोही घरापासून बाहेर, एवढंच मागत होतो.

पहिल्याच सरीला पाणी मागच्या दारातून चुलीपाशी. फोन केला, तर "यंदा पाऊसच जास्त." जून अर्धा झाला नव्हता अजून!

अडाणी म्हणून फसलो, असं म्हणणाऱ्यांनी टॉवरमधल्या इंजिनिअरांना विचारावं, तेही असेच फसतात. पैसे आधी, काम मागून, ही रीत आपणच पोसली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६चा, २०१९ला नवा आला. पैसे देऊन घेतलेलं असलं कामही त्यात बसतं. पण पुरावा? आपल्याला पावती मागायचीच लाज वाटते. मलाही वाटली.

उरलेले नऊ हजार दिलेले नाहीत. न्यायला भर पावसात ये, म्हणून सांगितलंय.