जुन्या इमारती आणि आमचें कर्तव्य

इंग्लंडांतील खेडेगांवांचीं चित्रें आमच्या विद्यार्थ्यांनीं पुस्तकांतून पाहिलेलीं असतात. दगडी घरें, उतरतीं छपरें, मध्यभागीं लहानसें प्रार्थनामंदिर आणि त्याचा उंच मनोरा, असें तें चित्र असतें. तीं गांवें इतकीं जुनीं कशीं राहिलीं, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर केवळ तेथील लोकांच्या रसिकतेंत नसून त्यांच्या चिकाटींत आहे. सन १८७७ मध्यें विल्यम मॉरिस व त्यांच्या स्नेह्यांनीं जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ एक मंडळ स्थापिलें. १८८२ सालीं पहिला कायदा झाला. आणि १९४७ च्या नगररचनेच्या कायद्यानें अशा इमारतींची यादी करण्याचें काम सरकाराकडे आलें. आज एकट्या इंग्लंडच्या यादींत साडेतीन लक्षांहून अधिक नोंदी आहेत. त्यांत राजवाडे आहेतच. परंतु शेतकऱ्याचें घर, धान्याचें कोठार, लहानसा पूल, मैलाचा दगड, फार काय, रस्त्यावरील टेलिफोनचीं तांबडीं खोकींही आहेत.

आमच्या देशांतही कायदा नाहीं असें नाहीं. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं नवा कायदा आला. महाराष्ट्र राज्यानें १९६० सालीं स्वतःचा कायदा केला. तथापि भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं एवढ्या विस्तीर्ण देशांत सुमारें ३,७०० स्मारकेंच आहेत. हीं बहुतेक लेणीं, किल्ले, देवळें, मशिदी आणि कबरी होत. जेथें आमचे आजे-पणजे जन्मले, शिकले, राबले आणि वारले, त्या घरांस ह्या यादींत जवळजवळ स्थान नाहीं. इमारत भव्य असल्याखेरीज ती राखण्याजोगी नव्हे, हा जो समज आमच्यांत रुजला आहे तो आमच्या मतें घातक आहे. राजांचा इतिहास किल्ल्यांत सांपडेल. रयतेचा इतिहास तिच्या घरांतच शोधावा लागतो.

आमच्या आसपास पाहावें. १८०१ सालीं मिरजेपासून सांगली वेगळी झाली. थोरल्या चिंतामणराव पटवर्धनांनीं कृष्णेच्या कांठीं गणपतीचें देऊळ बांधिलें. मिरजेंत डॉक्टर वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें. ह्याच विश्रामबागेंत १९१९ सालीं विलिंग्डन महाविद्यालय सुरू झालें, आणि १९२९ सालीं कृष्णेवर आयर्विन पूल झाला. पुराच्या दिवसांत ह्या पुलाशीं पाणी किती फूट चढलें हें सारें शहर श्वास रोधून विचारतें. २०१९ च्या महापुरांत तो आंकडा ५७ फुटांवर गेला होता. ह्या वास्तूंची आठवण ठेवणारे पुष्कळ आहेत. पण गल्लीबोळांतील वाडे, कौलारू घरें, जुन्या विहिरी व आड यांचें काय? त्यांच्या जागीं पांच मजली इमारत उभी राहते, आणि दहा वर्षांनंतर तेथें काय होतें हें शेजाऱ्यासही सांगतां येत नाहीं.

कोणी म्हणतील, विलिंग्डन आणि आयर्विन हीं परक्या सत्ताधाऱ्यांचीं नांवें. त्यांची आठवण आम्ही कां जपावी? ह्याला आमचें उत्तर वाईजवळच्या मेणवली गांवीं मिळतें. तेथें नाना फडणविसांचा वाडा व कृष्णेवरील घाट आहे, आणि घाटालगत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिजवर १७०७ हें साल असून बालयेशूसह मरियेची प्रतिमा आहे. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं वसई जिंकल्यावर तेथील ख्रिस्तमंदिरांतील ज्या घंटा मराठ्यांच्या हातीं आल्या, त्यांपैकींच ही एक. आम्हां ख्रिस्ती लोकांस ती पाहून क्षणभर विषाद वाटणें स्वाभाविक आहे. परंतु पोर्तुगिजांच्या अमलांत देवळें पाडलीं गेलीं, हेंही आम्हांस विसरतां येत नाहीं. ती घंटा वितळवून तिच्या तोफा ओततां आल्या असत्या. तसें झालें नाहीं. भिन्नधर्मीय गांवानें मरियेची प्रतिमा न घासतां, न पुसतां आजवर सांभाळिली. ती परत मागावी असें आम्हांस वाटत नाहीं. ती तेथेंच राहावी, आणि तिची सारी हकीकत, जिंकणाऱ्यांची व हरणाऱ्यांची, मुलांना खरेपणानें सांगितली जावी, एवढेंच आमचें मागणें आहे. जी वस्तु आम्हांस सुखावते तीच राखावयाची असेल, तर त्याला इतिहासाचें रक्षण म्हणतां येणार नाहीं.

दुसरा धडा आमच्या विश्रामबागेच्याच नांवाचा एक वाडा देतो. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास बांधविला. पेशवाई १८१८ सालीं बुडाली; पण १८२१ सालीं त्याच वाड्यांत संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि पुढें तींतूनच डेक्कन कॉलेज उदयास आलें. १८७९ च्या जाळपोळींत बुधवारवाडा नष्ट झाला. विश्रामबागवाड्याचाही कांहीं भाग जळाला, परंतु तो पुन्हा बांधण्यांत आला. पुढें तेथें नगरपालिकेच्या कचेऱ्या होत्या. तात्पर्य असें कीं, जी इमारत लोकांच्या उपयोगीं पडते ती जगते. जिला केवळ कुलूप लागतें तिला वाळवी लागते. इंग्लंडांतील लेकॉक हें गांव १९४४ सालीं नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेस दान मिळालें. तेथील जुन्या घरांत आजही कुटुंबें भाड्यानें नांदत आहेत.

येथें पालकांची बाजू मांडणें न्यायाचें होईल. जुन्या वाड्याचें कौतुक पाहुण्यास सोपें. गळकें छप्पर, कुजलेल्या तुळया, चार भावांची वांटणी आणि वाढता कर हीं मालकाच्या कपाळीं असतात. ज्याला मुलीचें लग्न करावयाचें आहे त्याला 'घर पाडूं नको' एवढेंच सांगणें म्हणजे आपल्या हौसेचा खर्च दुसऱ्याच्या पदरीं घालणें होय. म्हणून जेथें बंधन तेथें साहाय्य, हा नियम असला पाहिजे. मुंबईनें १९९५ सालीं वारसा-इमारतींचे नियम करून त्यांच्या तीन श्रेणी ठरविल्या, आणि मालकाचा जो बांधकामाचा हक्क बंधनामुळें बुडतो तो अन्यत्र वापरण्याची वा विकण्याची वाट ठेविली. सांगली, मिरज, सातारा, वाई ह्यांसारख्या शहरांतही असा मार्ग निघावा. डागडुजी करणाऱ्यास घरपट्टींत सूट मिळावी. लांकूडकाम व चुन्याचें काम जाणणाऱ्या कारागिरांस काम मिळावें.

आतां विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. भारताच्या संविधानांत नागरिकांचीं जीं मूलभूत कर्तव्यें १९७६ सालीं घालण्यांत आलीं, त्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणें हेंही एक आहे. तें केवळ परीक्षेंत लिहिण्यापुरतें नव्हे. पन्नास वर्षांपलीकडील प्रत्येक घराची वहींत नोंद करा: कोणी बांधिलें, दगड कोठून आला, पुराचें पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढलें. वृद्ध माणसांस विचारा. त्यांच्याबरोबर पुष्कळसा इतिहास मुक्यानें निघून जात असतो. आणि घर पाडावेंच लागलें, तर त्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें व कागदपत्रें जपून ठेवा.

पवित्र शास्त्रांत अशी कथा आहे कीं, यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवानें तिच्या पात्रांतील बारा धोंडे उचलून आणविले व ते रचून ठेविले. हेतु हा कीं, पुढील पिढीच्या मुलांनीं ह्या धोंड्यांचा अर्थ काय असें विचारावें आणि वडिलांनीं तो सांगावा. मुलांनीं विचारण्यासाठीं धोंडे जागेवर हवेत, आणि सांगण्यासाठीं वडिलांना अर्थ ठाऊक हवा. ह्या दोन्ही गोष्टी आजच्या पिढीच्या हातीं आहेत.