दिवाणखान्यातील जेलीफिश

सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रापासून दूर वसलेल्या आपल्या नाशकात शोभेच्या माशांचा शौक चांगला रुजला आहे. आणि ज्यांच्या दिवाणखान्यात गोल्डफिश व एंजलफिश सुखाने नांदतात, त्यांपैकी कोणाला निळ्या प्रकाशात मंदगतीने तरंगणारी चंद्रजेली (मून जेलीफिश) पाहून तीही आपल्या घरी असावी असे वाटले, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. त्या इच्छेमागील सौंदर्यदृष्टीविषयी मला आदर आहे; तथापि ती नाशकातील घरात पुरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्याच्या देहाचा सुमारे ९५ टक्के भाग पाणीच आहे, ज्याला मेंदू नाही, हृदय नाही आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे सामर्थ्यही नाही, तो जीव चौकोनी टाकीत कोपऱ्यात अडकतो, फिल्टरच्या तोंडाशी ओढला जातो आणि छत्रीखाली शिरलेल्या हवेच्या बुडबुड्यांनी फाटतो. म्हणूनच १९६०च्या दशकात वोल्फ ग्रेव्हे या जर्मन शास्त्रज्ञाने नाजूक प्लवकांसाठी, पाणी संथपणे वर्तुळाकार फिरत राहील अशी टाकी योजिली आणि पुढे मोठ्या मत्स्यालयांनी तीच रीत जेलीफिशसाठी स्वीकारली. ती टाकी मिळवली तरी खारे पाणी घरीच सिद्ध करावयाचे, आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील चिमुकल्या कवचधारी जीवाची जिवंत पिल्ले रोज उबवून खाऊ घालावयाची आणि वैशाखात पारा चाळिशीला भिडत असता पाणी अहोरात्र थंड राखावयाचे, हा सारा बंदोबस्त करावा लागतो. आणि एका दुपारी वीज खंडित झाली की तो निष्फळ ठरतो. इतके करूनही प्रौढ चंद्रजेलीचे आयुष्य बहुधा वर्षभराचेच.

परंतु मला याहून अधिक खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. ज्या जीवासाठी आपण परदेशी टाक्यांची चौकशी करतो, त्याचा गोड्या पाण्यातील एक आप्त आपल्याच सह्याद्रीत राहतो, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे. मालवणात १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर, जे पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून कीर्तिमान झाले आणि ज्यांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली, त्यांनी तरुणपणी तत्कालीन मुंबई इलाख्यात, कृष्णेच्या खोऱ्यातील सह्याद्रीच्या ओढ्यांत हा जीव शोधला. तो जिच्यात मोडतो ती लिम्नोक्निडा ही प्रजाती तोवर केवळ आफ्रिकेतच आढळते अशी समजूत असल्यामुळे या शोधाचे महत्त्व मोठे होते, आणि १९१२ साली ‘नेचर’ या नियतकालिकाने त्याची दखल घेतली. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण होऊन डोह संथ झाले की हा नाण्याएवढा पारदर्शक जीव तेथे प्रकटतो आणि पावसाळ्याच्या लोंढ्याबरोबर दिसेनासा होतो. ना यंत्र, ना खारे पाणी. डोह अबाधित राहिला की पुरे.

शौकिनांच्या टाक्यांकडेही नैसर्गिक पाणी अबाधित राखण्याच्या याच दृष्टीने पाहिले पाहिजे. १८८० साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील महाकमळाच्या कुंडात गोड्या पाण्यातील जेलीफिशची दुसरी एक जात अकस्मात दिसली होती. मूळची चीनमधील ही जात पाणवनस्पतींना चिकटून आता बहुतेक सर्व खंडांत पसरली आहे. टाकीतील पाणी, शेवाळ वा नकोसे झालेले मासे गोदावरीत सोडणे किती धोक्याचे आहे, याचा याहून स्पष्ट दाखला नको.

चंद्रजेली पाहावयाची असेल, तर जेथे तज्ज्ञ आणि साधने आहेत अशा सार्वजनिक मत्स्यालयात जाऊन पाहावी. आणि नाशकातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी येत्या चैत्र-वैशाखात त्र्यंबक व इगतपुरीकडील ओढ्यांच्या डोहांत लिम्नोक्निडा आढळते का, याची पाहणी करण्याची तजवीज करावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.