शिदोरीवांचून

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण आळशाच्या थट्टेसाठीं योजतों. इस्लामांतील ‘तवक्कुल’, म्हणजे ईश्वरावर भार टाकणें, हेंहि तसलेंच कांहीं असावें, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. तिर्मिजीच्या हदीस-संग्रहांत पांखरांचा दाखला आहे: तीं सकाळीं उपाशीं निघतात आणि सायंकाळीं पोट भरून परततात. घरट्यांतच बसून राहिलेल्या पांखराचा तेथें उल्लेखहि नाहीं! उंट मोकळा सोडून ईश्वरावर भरंवसा ठेवूं काय, असें विचारणारास तर पैगंबरांनीं आधीं तो बांधावयास सांगितलें.

कुराणांतील दृष्टान्त याहून गंभीर आहेत. २९ व्या अध्यायाचें नांवच ‘अन्कबूत’, म्हणजे कोळी. ईश्वरास सोडून इतरांचा आसरा धरणारे त्या कोळ्यासारखे. सर्व घरांत दुबळें घर त्याचें. पण खरा कस पुढें लागतो. मक्केंत पैगंबरांच्या अनुयायांचा छळ चालला होता. ५६ वी आयत त्यांस सांगते कीं, ईश्वराची भूमि विस्तीर्ण आहे. भाष्यकार हिचा संबंध देशत्यागाशीं जोडतात, इ. स. ६२२ मध्यें ही मंडळी मदिनेस गेली. मक्का व्यापारी शहर. तेथील घरदार, पेढी सोडून परमुलखांत मुलाबाळांना काय खाऊं घालावयाचें? कोणाहि कुटुंबवत्सल माणसास हीच धास्ती पडेल. आणि चारच आयतींनंतर तो प्राणी येतो, आपलें अन्न पाठीवर न वाहणारा, ज्याला ईश्वर पोसतो.