श्रोत्यांची निष्ठा आणि तंजावरचा अभंग

एखाद्या गायकजोडीची नवी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली म्हणजे तिचे जुने चाहते जे बोलतात, ते वाङ्मयाच्या अभ्यासकास सहसा दखल घेण्याजोगे वाटत नाही. गोडवा पूर्वीचाच आहे, या खेपेस गजर अधिक रंगला, अमुक संताची रचना यात हवी होती, अशा उद्गारांत माया असते, पारख नसते, अशी विद्वज्जनांची समजूत आहे. रंजनी आणि गायत्री या भगिनीद्वयाच्या अभंगगायनाविषयी तमिळ श्रोत्यांना वाटणाऱ्या ओढीकडेही याच दृष्टीने पाहिले जाते. ही समजूत तपासून पाहावयाची तर तंजावरइतके योग्य स्थळ दुसरे नाही. कारण तेथील मराठी वाणीचा इतिहास जितका राजांचा आणि कवींचा आहे, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, तो श्रोत्यांचा आहे.

या इतिहासाचा पहिला अध्याय दरबारी आहे. व्यंकोजीने १६७५-७६च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापिले. त्याचा पुत्र शहाजी याने मराठी नाटके रचिली व ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एका रंगभूमीवर आणिल्या. पुढे दुसऱ्या सरफोजीने कुरवंजी या तमिळ नाट्यप्रकारात पृथ्वीचा भूगोल मराठीतून सांगणारी ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली. त्याच्याच कारकीर्दीत, १८०३ साली, बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसलेकुलाचा मराठी इतिहास कोरला गेला. ही संपदा मोठी आहे. परंतु तिचा बराच भाग आज सरस्वती महालातील हस्तलिखितांत विसावला आहे. त्या नाटकांतील पदे कावेरीकाठच्या घराघरांतून गुणगुणली जात आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

दुसरा अध्याय निराळा आहे. १८५५ साली दुसरा शिवाजी निवर्तला आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. यानंतर, १८६४च्या सुमारास, रामचंद्रबुवा मोरगावकर हे कीर्तनकार तंजावरास चातुर्मासासाठी आले व त्यांच्या कीर्तनांचा त्या नगरीवर विलक्षण प्रभाव पडला. हा क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे. मराठी कीर्तनाने तमिळ मनाची खरी पकड घेतली ती मराठी सिंहासन उरले नसताना. पुढे तंजावूर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाची मांडणी, तमिळ निरूपण आणि कर्नाटक राग यांचा मेळ घालून दक्षिणेतील हरिकथेस तिचे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग, आर्या ही नावे हरिकथेच्या परिभाषेत रुजली. ज्यांच्या घरी मराठीचा एक शब्दही बोलला जात नव्हता, ते श्रोते दिंडी कोणती आणि साकी कोणती हे चालीवरून ओळखू लागले. त्यांना कोणतेही विद्यापीठ हे शिकवावयास गेले नव्हते. पुनःपुन्हा ऐकणे हाच त्यांचा अभ्यास होता.

तिसरा अध्याय याहूनही नवलाचा आहे. रंजनी व गायत्री यांचे बालपण मुंबईत गेले. प्रथम व्हायोलिनवादक म्हणून नाव मिळवून त्या पुढे गायनाकडे वळल्या. त्यांच्याआधी अभंग कर्नाटक मैफलीत प्रतिष्ठेने गाणाऱ्या अरुणा साईराम याही मुंबईतच वाढलेल्या. म्हणजे या वेळी मराठी वाणी दक्षिणेस नेली ती महाराष्ट्रात राहिलेल्या तमिळ कुटुंबांतील मुलींनी. मैफलीच्या उत्तरार्धातील हलक्याफुलक्या रचनांना दक्षिणेत ‘तुक्कडा’ म्हणतात. या तुकड्यांत अभंगाची जागा आता इतकी पक्की झाली आहे की श्रोते त्याची वाट पाहत बसतात.

अशा श्रोत्याच्या कौतुकात पारख नसते हे म्हणणे टिकत नाही. जुना चाहता नव्या मुद्रणाची तुलना मागील मुद्रणाशी करतो, ठाय कोठे वाढवला आणि टाळाची लय कोठे चढवली हे सांगतो, आवडती ओळ वगळली तर हळहळतो. पाठभेद टिपणारा संशोधक याहून वेगळे काय करतो? नामसंकीर्तनाच्या भजनपुस्तकांकडे पाहावे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींस एकच अक्षर आहे. म्हणून मराठी अभंग छापताना अक्षराच्या माथ्यावर लहान अंक घालून हा भेद राखतात. मराठीचा ळ मात्र त्या लिपीत आपल्या घरी असल्यासारखा नांदतो. परक्या भाषेतील पदासाठी इतकी यातायात करणाऱ्या समाजास केवळ नादलुब्ध म्हणणे हा अन्याय होय.

तथापि या निष्ठेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हरिकथेत गाण्याभोवती निरूपण होते. भागवतर अभंग म्हणत, थांबत, तमिळमधून त्याचा भाव उलगडीत आणि पुन्हा गात. मैफलीत आणि ध्वनिमुद्रिकेत ही थांबण्याची जागा उरलेली नाही. निवड साहजिकच नामगजराच्या, उल्हासाच्या रचनांकडे झुकते. महाद्वाराबाहेर उभ्या राहिलेल्या चोखोबांचे दुःख, जनाबाईचे दळणकांडण, दुष्काळाने आणि दिवाळ्याने पोळलेल्या तुकोबांची स्वतःशी चाललेली झुंज, हे सारे सुरांच्या ओघात निसटून जाते. श्रोत्याच्या हाती विठ्ठल उरतो, पण त्या विठ्ठलाशी भांडणारा माणूस उरत नाही. वारकरी वाणीची निम्मी शक्ती तर त्या भांडणात आहे.

याचा दोष गायिकांवर ठेवता येणार नाही, श्रोत्यांवर तर मुळीच नाही. गायिकांनी आपले काम चोख केले आहे. श्रोत्यांनी दीड शतक कान जागे ठेविले आहेत. उणीव आहे ती निरूपणकाराची, आणि ती जागा भरून काढणे हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांचे कर्तव्य आहे. प्रत्येक नव्या अभंगमुद्रणासोबत संहिता, संतकवीचा अल्प परिचय आणि तमिळ भावार्थ देता येईल, इतके बळ विद्यापीठांच्या मराठी व तमिळ विभागांत खचित आहे. त्याचबरोबर वृद्ध श्रोत्यांच्या आठवणी आणि त्यांच्या हस्तलिखित भजनवह्या सरस्वती महालातील पोथ्यांइतक्याच आस्थेने जतन करावयास हव्यात.

दरबाराने मराठीस तंजावरात आसन दिले. ते आसन गेल्यावर तिला कानात जागा दिली ती श्रोत्यांनी. अर्थ न कळताही ज्यांनी एवढे जपले, त्यांच्यापर्यंत अर्थ पोहोचविण्याचे ऋण मराठीच्या अभ्यासकांवर आहे. जुन्या चाहत्यांच्या कौतुकावर हसण्याआधी ते फेडलेले बरे.