अपघातानंतरची सही

बाणस्तारी पुलावर ६ ऑगस्ट २०२३ च्या रात्री एका भरधाव आलिशान मोटारीने अनेक वाहनांना धडक दिली आणि दिवाडीच्या दांपत्यासह तिघांचा बळी गेला. जनक्षोभ उसळला, प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले आणि पीडितांसाठी दोन कोटी रुपये जमा करण्याची वेळ मोटारमालक कुटुंबावर आली. मात्र प्रत्येक अपघाताच्या वाट्याला अशी चर्चा येत नाही. एरवी तेराव्याच्या आत विमा कंपनीचा प्रतिनिधी दारात येतो आणि घरच्यांसमोर प्रश्न उभा राहतो : वकील करावा की नाही?

मोटार वाहन कायद्याच्या सुधारित कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. शोकाकुल घराला हा मोठाच आधार वाटतो. परंतु कलम १६६ मधील एक तरतूद सहसा कोणी वाचून दाखवत नाही. कलम १४९ च्या तडजोडीतून ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणासमोरचा दावा संपुष्टात येतो.

यात किती पैसे सुटतात? तीस वर्षांचा, स्वतंत्र व्यवसायातून महिना २० हजार कमावणारा तरुण, मागे पत्नी व दोन मुले, असे उदाहरण घेऊ. 'सरला वर्मा' (२००९) व 'प्रणय सेठी' (२०१७) या निवाड्यांच्या सूत्रानुसार उत्पन्नात भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवायचे, स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करायचा आणि वार्षिक रकमेला १७ ने गुणायचे. उत्तर येते ३८ लाख ८ हजार. अर्थात, त्यासाठी समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. वकील लागतो तो इथे.

बंपर चेपला, आरसा फुटला, एवढ्यासाठी वकील गाठणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. शिवाय २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि तो दावा म्हणून गणला जाऊ शकतो. म्हणजे अर्ज लिहून देण्यापुरता वकील आता तितका अपरिहार्य राहिलेला नाही. मृत्यू, कायमचे अपंगत्व किंवा चुकीबद्दल वाद असेल, तेव्हा मात्र अहवालावर विसंबून राहणे धोक्याचे.

गोवेकरांना आणखी एक चिंता असते ती परराज्याची. इंदूरला खजराना गणपतीच्या दर्शनाला गेलेल्या कुटुंबाला तिथल्याच चौकात ट्रकने उडवले, तर खेपा इंदूरच्या घालायच्या का? नाही. दावेदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा दाखल करता येतो. पणजी किंवा मडगाव चालते. खजराना पोलिसांची कागदपत्रे मिळवण्याचे काम तेवढे उरते.

दाव्याची सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाली. केवळ विलंबामुळे दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरी त्यावर भिस्त ठेवून दिवस घालवू नयेत.

राहता राहिला फीचा प्रश्न. इस्पितळाच्या दारात "भरपाईचे इतके टक्के द्या, आधी काही नको" म्हणणारे भेटतात. असा टक्केवारीचा करार बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. महिलांना तर उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पती गमावलेल्या स्त्रीने विमा कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी तिथे एक फेरी मारावी.