चंद्रावरची धूळ, जमिनीवरची फुफ्फुसे

चंद्रावर पुन्हा माणूस उतरवण्याची चढाओढ सुरू आहे. अमेरिकेचा ‘आर्टेमिस’ कार्यक्रम त्यासाठीच आखलेला आहे, चीनने २०३० पूर्वी उतरण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे आणि भारताने २०४० पर्यंत भारतीय अंतराळवीर चंद्रावर पाठवायचे ठरवले आहे. या बातम्यांत चर्चा होते ती रॉकेटची, खर्चाची आणि चंद्राच्या ध्रुवाजवळच्या बर्फाची. पण अपोलो मोहिमांत जे प्रत्यक्ष जाऊन आले, त्यांना ज्या गोष्टीने पदोपदी सतावले ती होती धूळ. ही धूळ श्वासात किती गेली तर चालेल, याचा हिशेब आता झालेला आहे. तो पाहिला की आपल्याकडच्या धुळीबद्दलही काही प्रश्न विचारावेसे वाटतात.

आधी ही धूळ वेगळी का, ते पाहू. पृथ्वीवर वारा आणि पाणी वाळूच्या कणांना सतत घासतात, त्यामुळे कणांच्या कडा बोथट होतात. चंद्रावर वाराही नाही आणि वाहते पाणीही नाही. अब्जावधी वर्षे बारीकसारीक उल्का आदळून तिथला खडक फुटला, वितळला, त्याची काच झाली आणि ती पुन्हा फुटली. त्यामुळे कणांच्या कडा फुटक्या काचेसारख्या धारदार राहिल्या. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे आणि सौरवाऱ्यामुळे या कणांवर विद्युतभार येतो, म्हणून ते पोशाखाला, काचेला, हातमोज्यांना घट्ट चिकटतात. अपोलोच्या अंतराळवीरांच्या पोशाखांचे सांधे या धुळीने झिजले, तर खडकांचे नमुने हवाबंद ठेवण्यासाठी नेलेल्या पेट्यांची झाकणे तिच्यामुळे नीट बसली नाहीत.

भारतालाही या धुळीची ओळख झाली आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ उतरले, तेव्हा इंजिनांच्या झोताने सुमारे २.०६ टन माती उडून १०८.४ चौरस मीटर जागेवर पसरली, असा ‘इस्रो’चा अंदाज आहे. ‘विक्रम’वरील तापमापक उपकरणाने आणखी एक नवल दाखवले. पृष्ठभागावर तापमान ५० अंशांच्या वर होते, तर अवघ्या ८ सेंटिमीटर खोलीवर ते शून्याखाली सुमारे १० अंशांवर गेलेले होते. वरचा भुसभुशीत थर उष्णता खाली जाऊच देत नाही.

आता माणसाच्या छातीकडे वळू. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ चे भूगर्भशास्त्रज्ञ अंतराळवीर हॅरिसन श्मिट पहिली चांद्रफेरी संपवून यानात आले आणि त्यांनी हेल्मेट काढले. पोशाखाबरोबर आत आलेली धूळ हवेत उडाली. थोड्याच वेळात त्यांचे नाक आतून सुजले आणि चोंदले. परागकणांची ॲलर्जी असलेल्याला होते, तशीच ही सर्दी होती. काही तासांत ती ओसरली. अनेक अंतराळवीरांनी यानात जळलेल्या बंदुकीच्या दारूसारखा वास आल्याचे सांगितले आहे. गंमत म्हणजे तीच धूळ पृथ्वीवर आणल्यावर तो वास उरला नाही. चंद्रावर एकूण १२ जण चालले आणि त्यांचा सर्वांत मोठा मुक्कामही जेमतेम तीन दिवसांचा होता. यापुढचे बेत आठवड्यांचे आणि महिन्यांचे आहेत.

धूळ शरीरात किती खोल जाते, हे मुख्यतः कणाच्या आकारावर ठरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशातच अडकतात. २.५ मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून लहान कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे श्वासनलिकांसारखी कण वर ढकलणारी लव नसते. असते ती भक्षक पेशी, आणि गिळलेला कण तिला पचवता आला नाही तर दाह सुरू होतो. चंद्रावर आणखी एक अडचण आहे. तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक-षष्ठांश. विमानातून तितके गुरुत्वाकर्षण काही सेकंदांपुरते निर्माण करून केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की अशा स्थितीत फुफ्फुसात कमी कण बसतात, पण जे बसतात ते अधिक खोलवर.

म्हणून ‘नासा’ने अपोलोने आणलेल्या धुळीची बारीक भुकटी करून ती उंदरांना श्वासावाटे दिली. निष्कर्ष असा, की ही धूळ टायटॅनियम डायऑक्साइडपेक्षा अपायकारक, पण गारगोटीच्या म्हणजे क्वार्ट्झच्या धुळीपेक्षा कमी अपायकारक आहे. त्यावरून सहा महिन्यांपर्यंतच्या मोहिमेसाठी मर्यादा ठरली. श्वासातून खोल जाणारी चांद्रधूळ दर घनमीटर हवेत ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

२०२५ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी यात भर घातली. चांद्रधुळीसारखी कृत्रिम भुकटी आणि शहरातल्या वाहत्या रस्त्यावरची धूळ, या दोन्हींचा परिणाम त्यांनी प्रयोगशाळेत फुफ्फुसाच्या पेशींवर तपासला. चांद्रधुळीपेक्षा शहराची धूळ जास्त घातक ठरली. हा पेशींवरचा प्रयोग आहे. त्यावरून चंद्रावर महिनोन्‌महिने राहणे निर्धोक आहे, असा अर्थ काढू नये. पण आपण रोज ज्यात श्वास घेतो त्याबद्दल मात्र हा प्रयोग पुरेसा बोलका आहे.

मंगळाची तऱ्हा निराळी. तिथे विरळ का होईना हवा आहे आणि धुळीची वादळे कधीकधी अख्खा ग्रह झाकून टाकतात. २०१८ च्या अशाच वादळात सूर्यप्रकाश न मिळाल्याने ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही बग्गी कायमची गप्प झाली. त्या मातीत परक्लोरेट हे क्षार असल्याचे ‘फिनिक्स’ यानाने २००८ मध्ये दाखवले. परक्लोरेट थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. एके काळी थायरॉइडचा अतिरेक आवरण्यासाठी ते औषध म्हणून दिले जाई. म्हणजे मंगळावर धुळीचा त्रास छातीपुरता राहणार नाही, तो गळ्यातल्या ग्रंथीपर्यंतही जाऊ शकतो.

आता ३०० मायक्रोग्रॅमचा आकडा घेऊन पृथ्वीवर येऊ. आपल्याकडे पीएम २.५ या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. दिल्लीत हिवाळ्यात हे कण ३०० च्या पुढे जातात, हे आपण दरवर्षी वाचतो. ही तुलना तंतोतंत नाही. दोन धुळींची घडण वेगळी, आणि अंतराळवीर निवडून घेतलेला, निरोगी असतो. पण म्हणूनच मुद्दा अधिक गंभीर होतो. दिल्लीची ती हवा तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे म्हातारेही घेत असतात.

त्याहून वाईट स्थिती कामाच्या जागी आहे. उंदरांवरच्या प्रयोगात चांद्रधुळीपेक्षा घातक ठरलेली क्वार्ट्झची धूळ आपल्या देशात हजारो कामगारांच्या छातीत जाते. खंभातचे अकीक घासणारे, मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली बनवणारे आणि राजस्थानच्या वालुकाश्माच्या खाणींतले मजूर यांच्यातला सिलिकोसिस वैद्यकशास्त्राला जुना परिचित आहे. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या फाउंड्रींत साचे घालायला वाळूच लागते, आणि सिंधुदुर्गात कासार्डे परिसरातून सिलिका वाळू काढली जाते. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. धुळीपासून दूर गेल्यावरही तो वाढू शकतो आणि क्षयरोगाला दार उघडून देतो. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत असा माणूस खोकला आणि धाप घेऊन येतो. एक्स-रेवरचे डाग क्षयरोगासारखे दिसतात आणि ‘काम काय करता?’ हा प्रश्न राहून जातो. निदान झाले तर ते कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, पण जो आजार ओळखलाच जात नाही तो कळवणार कोण?

उपाय मात्र अवघड नाहीत. दगड कापताना पाण्याची धार, वाळू कोरडी न झाडता ओली करणे, धूळ उगमापाशीच ओढून घेणारा पंखा, तोंडाला रुमालाऐवजी चांगला मास्क आणि ठरावीक काळाने छातीचा एक्स-रे व श्वासाची तपासणी. चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी ‘इस्रो’ने तामिळनाडूतल्या खडकापासून चंद्रासारखी माती तयार केली होती. २०४० ची तयारी करताना अशाच मातीवर आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी फुफ्फुसाचे प्रयोग करावेत आणि त्याच प्रयोगशाळेत फाउंड्रीची व खाणीची धूळही तपासावी. एका कामाचा दोघांना उपयोग होईल.

चंद्रावर जाणाऱ्याच्या श्वासात किती धूळ चालेल, हे तो निघण्यापूर्वी ठरले आहे आणि यानात ती मोजलीही जाईल. दगड फोडणाऱ्यासाठीचा आकडा आपल्या कारखाना कायद्याच्या नियमांत कधीचाच छापलेला आहे. तो मोजायला तिथे कोणी तरी यंत्र घेऊन जायला हवे.